चिरागनगर ते रमाबाई नगर

साल १९५६ धरा. घाटकोपर स्टेशनच्या पश्चिमेला उतरलात की मेट्रोचा पूल शोधू नका, तो यायला अजून बराच अवकाश आहे. एलबीएस मार्ग अजून आग्रा रोडच आहे. विचारत विचारत चिरागनगर गाठा. झोपड्यांच्या दाटीत एका दारातून उजेड येतोय. आत अण्णाभाऊ साठे लिहीत बसलेत. शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेला, वाटेगावहून बापाबरोबर पायी मुंबईला आलेला हा माणूस.

त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड तुम्ही इथून कामगार मैदानावर जाऊन ऐका. शाहीर अमर शेखांचा पहाडी आवाज लागला की माइक नावापुरता उरतो. सुरुवातीला लोक हसतात, बायकोच्या विरहाने व्याकूळ झालेल्या गड्याची फजिती म्हणून. हळूहळू ध्यानात येतं, की मागे राहिलेली मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेलं बेळगाव, कारवार, निपाणी. हशा कुठे थांबला ते कळतही नाही. पठ्ठे बापूरावांनी लावणीत मुंबईची शोभा गायली होती. अण्णाभाऊंनी आपल्या ‘मुंबईच्या लावणी’त मलबार हिलच्या जोडीला फोरास रोडही आणून बसवला. त्यांच्या लाल बावटा कलापथकावर सरकारने बंदी घातली होती. डफ-तुणतुण्याची एवढी धास्ती घ्यावी, म्हणजे गाणं पोचलं होतं.

आता जरा लांब उडी. १९८५. आनंद पटवर्धनांचा ‘हमारा शहर’ हा माहितीपट पडद्यावर चाललाय, विषय झोपड्या पाडण्याचा. त्यात मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारा एक शाहीर गातो, विलास घोगरे. आव्हान नाट्य मंचातला. उजेड पडद्याचा, पण आवाज शेजारच्या गल्लीतला वाटतो.

पुढची तारीख ११ जुलै १९९७. घाटकोपरच्याच पूर्वेला, रमाबाई आंबेडकर नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला रात्रीत कुणीतरी चपलांचा हार घातलाय. सकाळी लोक बाहेर पडतात, शेजारचा हायवे अडतो. राज्य राखीव पोलिसांची, एसआरपीची, गाडी येते. गोळ्या सुटतात त्या वस्तीतल्या गल्ल्यांपर्यंत पोचतात. दहा माणसं जातात. तुम्ही गल्लीच्या तोंडाशी उभे आहात, तुमच्यासमोर रिकाम्या पायतणांचा खच पडलाय आणि कोण कुणाला हाका मारतंय ते कळत नाही.

चार दिवसांनी, १५ जुलैला, मुलुंडच्या आपल्या झोपडीत विलास घोगरे स्वतःला संपवतात. आयुष्यभर डाव्या चळवळीची गाणी गायलेल्या या शाहिराने जाताना कपाळाला निळी पट्टी बांधलेली असते. लाल-निळ्या रंगांचा हिशेब ज्यांना मांडायचाय त्यांनी मांडावा. मला एवढंच दिसतं, की ज्यांच्यासाठी तो गात होता ती माणसं मेली आणि त्याचा गळा त्याला पुरला नाही.

अशा वेळी वस्तीलाच आधी शांत राहायला सांगायची आपली जुनी खोड आहे. शाहीर ती मानत नाही. आधी न्याय द्या, शांतता त्याच्या मागून येईल, असं त्याचं म्हणणं असतं, आणि मला ते पटतं. न्यायाची चाल मात्र बघा. चौकशीसाठी नेमलेल्या गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली ती २००९ मध्ये, बारा वर्षांनी, आणि त्यानंतर हायकोर्टात जामीनही झाला. पटवर्धनांनी घोगरेंच्या मागावर निघून ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट पुरा करायला चौदा वर्षं घेतली. कोर्टाला आणि कॅमेऱ्याला लागलेला वेळ जवळपास सारखाच.

आता अलीकडच्या एखाद्या ११ जुलैला परत या. हायवेलगतच्या स्मारकाशी फुलं आहेत, निळे झेंडे आहेत, पुढे बसलेल्या बायकांच्या मांडीवर पोरं पेंगतायत. स्टेजवर एक पोरगेला शाहीर ढोलकीवाल्याला लय वाढवायला खुणावतो. मागून कुणीतरी ओरडतं, “विलासदादांचं घ्या!” दहाला माइक बंद करायचा नियम, हवालदार दोनदा घड्याळ दाखवून गेलाय, आणि गाणं अजून दुसऱ्याच कडव्यावर आहे.