लुप्त चालींचा शोध आणि अपरिचितांची साक्ष : श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या पदांसंबंधी काही विचार

जुन्या संगीत नाटकाचे मुद्रित पुस्तक उघडले असता बहुतेक पदांच्या शिरोभागी बारीक टाइपात एक टीप आढळते. कोठे रागाचे व तालाचे नाव असते, तर कोठे ‘चाल’ एवढा शब्द घालून पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे आरंभीचे दोनचार शब्द दिलेले असतात. नाटक पाहून पुस्तक विकत घेणाऱ्या प्रेक्षकास एवढी खूण पुरत असे, कारण ते दुसरे गाणे त्याच्या कानात असे. आजच्या अभ्यासकाच्या हाती खूण तेवढी उरली आहे. गाणे नाहीसे झाले आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्या नाटकांच्या बाबतीत ही अडचण विशेष जाचक ठरते आणि तिचा परिणाम केवळ संगीताच्या इतिहासावर झाला आहे असे नाही. त्यांच्या पदरचनेविषयी वाङ्मयेतिहासात रूढ झालेला निर्णयही या गैरहजर गाण्यांमुळे एकांगी झाला आहे.

कोल्हटकरांचा जन्म १८७१ साली नागपुरास झाला. कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्यांनी वकिलीस अकोला येथे आरंभ केला. पुढे खामगाव व जळगाव-जामोद ही त्यांची कार्यक्षेत्रे झाली. ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिणारा विनोदकार, गडकऱ्यांनी गुरुस्थानी मानलेला नाटककार, ‘भारतीय ज्योतिर्गणित’ लिहिणारा गणिती आणि १९२७ च्या पुणे येथील साहित्य संमेलनाचा अध्यक्ष असा हा बहुविध पुरुष आयुष्याचा मोठा भाग वऱ्हाडातील कचेऱ्यांत पक्षकारांची गाऱ्हाणी ऐकत होता. वऱ्हाड त्या काळी नाटकमंडळ्यांना परके नव्हते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वर्षांत, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, येथल्या कापसास सोन्याचा भाव आला. १८६७ साली लोहमार्ग नागपुरापर्यंत गेला आणि खामगावचा फाटा लॉर्ड मेयो यांच्या हस्ते १८७० साली उघडला. ज्या गाडीने कापसाच्या गाठी मुंबईस जात, त्याच गाडीने पडदे, पेट्या आणि नट उलट दिशेने येत. १९१२ साली हरि नारायण आपटे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन अकोल्यास भरले, त्यामागेही या प्रदेशाची हीच सुबत्ता व हौस उभी होती.

कोल्हटकरांचे पहिले नाटक ‘वीरतनय’ किर्लोस्कर मंडळीने १८९६ साली रंगभूमीवर आणले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० च्या ‘शाकुंतला’त व १८८२ च्या ‘सौभद्रा’त साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातील चाली आणि कर्नाटकी वळणाची पदे योजिली होती, आणि मराठी प्रेक्षकाचा कान त्यांवर घडला होता. कोल्हटकरांनी हा रस्ता सोडला. पारशी मंडळ्यांच्या उर्दू व गुजराती नाटकांतील ठसकेबाज, द्रुत लयीच्या चाली त्यांनी मराठीत आणल्या. या ‘उडत्या’ चालींनी काही काळ लोकांना मोहिनी घातली आणि जाणत्यांना नाराजही केले. पुढे गोविंदराव टेंबे यांनी ‘मानापमाना’स आणि भास्करबुवा बखले यांनी ‘स्वयंवरा’स रागदारीचे वळण दिले, तेव्हा कोल्हटकरी चालींचा जमाना ओसरला. नाटके मागे पडली, तशा चालीही मुखांतून गेल्या. शब्द मात्र छापलेले होते, म्हणून राहिले. आणि पुढील टीकाकारांनी त्या उरलेल्या शब्दांवरच निवाडा दिला. पदे क्लिष्ट आहेत, समासांनी जड झालेली आहेत, अन्वय लावता लावता वाचक थकतो, असा तो निवाडा आहे.

निवाडा सर्वस्वी चुकीचा आहे असे म्हणवत नाही. ही पदे नुसती वाचणारास त्यांत काव्याचा आनंद क्वचितच लाभतो. तथापि ती वाचण्यासाठी लिहिलेली नव्हती, हे विसरून चालणार नाही. उर्दू गीतात दीर्घ स्वर लयीच्या सोयीने ऱ्हस्व उच्चारण्याची मुभा असते. मराठी जातिरचनेत मात्रांचा हिशेब कडक असल्यामुळे ही मुभा पदकर्त्यास मिळत नाही. चाल आधी ठरलेली, तिच्यात तोकड्या स्वरखंडांची रांग, आणि त्या रांगेत बसवावयाचे ते मराठी शब्द. अशा वेळी लघू अक्षरांनी भरलेले संस्कृत शब्द व त्यांचे समास हाच जवळचा आसरा ठरतो. कोल्हटकरांची क्लिष्टता त्यांच्या स्वभावातून आली की उसन्या चालीच्या मापातून, हा खरा प्रश्न आहे. वरील उपपत्ती तूर्त तर्कच समजावी. पद आणि त्याचे मूळ गाणे शेजारी शेजारी ठेवून ऐकल्याखेरीज ती पडताळता येणार नाही, आणि म्हणूनच मूळ गाण्यांचा शोध हे नुसते हौशी कुतूहल राहत नाही.

आवाजाचा पुरावा येथे अगदी थोडक्यात हुकला आहे. किर्लोस्कर मंडळीचे सर्वांत लोकप्रिय गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ च्या फेब्रुवारीत निवर्तले. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायझबर्ग यांनी कलकत्त्यास हिंदुस्थानातील पहिले ध्वनिमुद्रण केले ते १९०२ च्या नोव्हेंबरात. मध्ये जेमतेम पावणेदोन वर्षांचे अंतर आहे. याच्या उलट अमरावतीच्या वीर वामनराव जोशी यांचे ‘रणदुंदुभि’ १९२७ साली बळवंत संगीत मंडळीने केले. त्याच्या चाली वझेबुवांच्या, गाणारे दीनानाथ मंगेशकर, आणि दीनानाथांच्या तबकड्या निघाल्या असल्यामुळे त्या पदांचे मूळ रूप आजही कानांनी तपासता येते. वऱ्हाडातलेच दोन नाटककार; एकाची पदे ऐकता येतात, दुसऱ्याची केवळ वाचता येतात. दोघांच्या पदरचनेची तुलना करणाऱ्याने हा फरक आरंभीच नोंदविला पाहिजे, परंतु तो सहसा नोंदविला जात नाही.

मग कोल्हटकरांच्या चालींचे मूळ शोधावे कोठे? पारशी मंडळ्यांच्या उर्दू नाटकांची ‘गायने’ स्वस्त पुस्तिकांच्या रूपाने निघत, आणि भाषा उर्दू असली तरी त्यांतील पुष्कळशी गुजराती लिपीत छापलेली असत. मराठीच्या अभ्यासकाने त्यांच्याकडे पाहिले नाही याचे हे एक साधे कारण आहे. उर्दूचा अभ्यासक तर ती लिपी वाचीतच नाही. १८६७ च्या पुस्तक-नोंदणी कायद्यामुळे प्रांतोप्रांतीच्या त्रैमासिक याद्यांत ग्रंथनाम, कर्ता, छापखाना, प्रतींची संख्या व किंमत यांची नोंद होत असे, आणि त्या कायद्यान्वये काही पुस्तके लंडनच्या ग्रंथसंग्रहांतही पोहोचली. तेव्हा अकोल्यात बसलेल्या विद्यार्थ्यास एखाद्या चालीचा धागा हवा असेल तर तो लंडनमधील कपाटात, मुंबईच्या चोरबाजारातून तबकड्या जमविणाऱ्याच्या घरी, किंवा सुरतेकडील एखाद्या जुन्या पेटीत असण्याचा संभव आहे. ही सर्व ठिकाणे एकट्याने धुंडाळणे कोणासही शक्य नाही. ज्यांची तोंडओळखही नाही अशा माणसांस प्रश्न विचारावा लागतो आणि त्यांच्या उत्तरावर भिस्त ठेवावी लागते.

या रीतीने मोठी कामे झाली आहेत, याची दोन उदाहरणे पुरेत. कानपूरचे हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांनी ‘हिंदी फिल्म गीत कोश’ दशकवार सिद्ध केला. त्याचे खंड १९८० पासून निघू लागले. ठिकठिकाणच्या संग्राहकांनी पत्रोपत्री कळविलेली माहिती, चित्रपटगृहांत विकल्या जाणाऱ्या गीतपुस्तिका आणि तबकड्यांवरील मजकूर ही त्याची सामग्री. दुसरे उदाहरण मुंबईचे. १९९० साली तेथे भारतीय तबकडी-संग्राहकांची संस्था स्थापन झाली. सुरेश चांदवणकर यांनी तिचे काम वाढविले आणि तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून संग्राहकांच्या याद्या व टिपणे प्रसिद्ध झाली. ऑस्ट्रेलियातील मायकेल किनिअर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या आरंभीच्या हिंदुस्थानी ध्वनिमुद्रणांची जी सूची केली, तिच्यावाचून या क्षेत्रात आज पाऊलही टाकता येत नाही. मेलबर्नचा एक परका मनुष्य पुण्या-मुंबईच्या गवयांच्या तबकड्यांचे क्रमांक जुळवीत बसला, ही गोष्ट आपल्या विद्यापीठांनी थोडी लाजून का होईना, पण ध्यानात घ्यावी अशी आहे. पूर्वी जे काम टपालाने महिनोन्‌महिने चाले, ते आता आंतरजालामुळे एका रात्रीत होते. रीत मात्र तीच आहे.

वेग वाढला तशी चूकही वेगाने पसरू लागली. अपरिचिताचे उत्तर मिळताच ते टिपणात उतरवून मोकळे होणारे संशोधक आहेत, तसेच असल्या साक्षीस स्पर्शच करू नये असे मानणारेही आहेत. दोन्ही भूमिका सारख्याच आळशी आहेत. दप्तरातील जुन्या कागदास जे प्रश्न विचारावयाचे तेच येथे विचारले पाहिजेत: हे कोण सांगतो, कशाच्या आधारे सांगतो, आणि तो आधार दुसऱ्यास पाहता येईल काय? ‘आमच्या आजोबा ही चाल अशी म्हणत’ हे विधान टाकाऊ नाही. पण तो आजोबांच्या काळाचा पुरावा झाला, १८९६ चा नव्हे. तबकडीवर गुळगुळीत भागात कोरलेला साचाक्रमांक याहून भरवशाचा, कारण त्यावरून ध्वनिमुद्रणाची बैठक व तिचा सुमार ठरविता येतो. वेष्टनावरील किंवा चकतीवरील नावे इतकी विश्वसनीय नसतात. १९०८ साली कलकत्त्यास कारखाना निघेपर्यंत या तबकड्या जर्मनीत हॅनोवर येथे छापल्या जात, आणि परक्या कारागिरांच्या हातून नावांच्या अक्षररचनेत घोटाळे होत. गाण्याच्या शेवटी गायिका स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारीत असे, ते याच कारणासाठी.

तबकडी मिळाली म्हणजे चाल मिळाली असेही समजू नये. दहा इंची तबकडीवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावते. रंगभूमीवर तेच पद ‘वन्समोअर’ घेत कितीतरी वेळ चाले. आरंभीच्या तबकड्यांचा फिरण्याचा वेग एकसारखा नव्हता, त्यामुळे मूळ स्वर कोणता व लय किती द्रुत होती हे ऐकणाराच्या यंत्रावर अवलंबून राहते. कोल्हटकरी चालींच्या बाबतीत तर लय हाच वादाचा मुद्दा असल्याने ही सावधगिरी सोडता येत नाही. शिवाय ‘चाल’ म्हणून दिलेल्या दोनचार उर्दू शब्दांचा मराठी जुळाऱ्याने केलेला अपभ्रंश, आणि त्याच शब्दांनी आरंभ होणारी एकाहून अधिक गाणी, या दोन खाचखळग्यांत पुष्कळदा पाय अडकतो. शब्द जुळले तरी मात्रांची मांडणी व ध्रुवपदाची लांबी मराठी पदाशी जुळते की नाही हे पाहिल्यावाचून जोडी लावू नये.

पारशी रंगभूमीच्या संगीताचा वारसा पुढे बोलपटाकडे गेला, म्हणून तोही मार्ग तपासावा असे सुचविले जाते. सूचना योग्य आहे, पण तिची मर्यादाही मोठी आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झालेला ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी नाटकावरून घेतला होता. त्यात सात गाणी होती. त्याची प्रत आज उपलब्ध नाही, आणि गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या नव्हत्या. म्हणजे बोलपटाच्या आरंभासही तीच अवस्था, शब्द आहेत आणि स्वर नाहीत. पारशी नाटकांतील जुन्या गायिकांनी बोलपटापूर्वी दिलेल्या तबकड्या हा त्यामानाने अधिक फलदायी भाग आहे, आणि त्यांचे साठे बव्हंशी खासगी संग्रहांत आहेत.

स्थानिक शोधाचा आरंभ कोठून करावा याविषयी एक व्यावहारिक गोष्ट येथे नमूद करणे इष्ट होईल. खामगाव व जळगाव हे तालुके १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात मोडत. त्या वर्षीच्या फेररचनेत ते बुलढाणा जिल्ह्यास जोडले गेले. कोल्हटकरांच्या वऱ्हाडातील आरंभीच्या वर्षांचा मागोवा घेऊ पाहणाऱ्याने बुलढाण्याच्या आधी अकोल्याचे दप्तर पाहावे, आणि त्याच फेरीत दोन्ही जिल्ह्यांतील जुन्या वाड्यांच्या फडताळांत गुजराती लिपीतली गायनाची पुस्तके व वापरातून गेलेल्या तबकड्या पडून आहेत काय, याची घरोघर विचारपूस करावी.