मोटारघरासाठी इन्व्हर्टर जनित्राची निवड

अमेरिकेत राहण्याची सोय असलेल्या मोटारघरांस 'आरव्ही' म्हणतात. वर्षातून मोजक्याच सहली करणाऱ्यांनी त्यासाठी सुवाह्य इन्व्हर्टर जनित्र निवडताना प्रथम विजेची गरज मोजावी. दिवे, पंखा व बॅटरी चार्जिंगसाठी १,००० वॉटचे जनित्र पुरते. १३,५०० बीटीयूच्या वातानुकूलन यंत्रास मात्र सुरू होताना क्षणभर कितीतरी अधिक वीज लागते. त्यासाठी सुमारे ३,००० वॉट क्षमता अथवा 'सॉफ्ट स्टार्टर' हवा.

जाहिरातीतील आकडा बहुधा क्षणिक क्षमतेचा असतो. २,२०० वॉटचे 'होंडा ईयू२२००आय' सतत १,८०० वॉटच देते. उंच प्रदेशात दर हजार फुटांमागे ही क्षमता सुमारे ३.५ टक्क्यांनी घटते.

अमेरिकी राष्ट्रीय उद्यानांत जनित्राचा आवाज ५० फुटांवर ६० डेसिबलपेक्षा अधिक असू नये, असा नियम आहे. भारानुसार इंजिनाची गती बदलणारी इन्व्हर्टर जनित्रे यास सोयीची ठरतात. वापर क्वचित असल्यास कार्ब्युरेटरमधील पेट्रोल काढून ठेवावे.

धुरातील कार्बन मोनॉक्साइड गंधहीन व प्राणघातक असतो. हा वायू वाढताच आपोआप बंद पडणारे जनित्र निवडावे. ते वाहनापासून किमान २० फूट दूर ठेवावे, धुराचे तोंड वाहनाच्या विरुद्ध दिशेस असावे आणि वाहनात वायुसूचक बसवावा.