पदवी-अभ्यासक्रमातील पर्यावरण : एका विषयाचा उगम

विद्यापीठांतील विषय बहुधा विद्वानांच्या व्यासंगातून उदयास येतात. पदवी-अभ्यासक्रमातील पर्यावरण हा विषय मात्र न्यायालयाच्या आदेशाने सर्वत्र पोहोचला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने पर्यावरणरक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. कायदा पाळला जावयाचा तर लोकांत त्याची जाणीव हवी, या भूमिकेवरून एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण-शिक्षणाचे निर्देश दिले. तथापि अंमलबजावणीस एक तप लागले. २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा लक्ष घातले, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम सर्व शाखांना लागू होऊ लागला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले.

या अभ्यासक्रमाच्या ५० तासांपैकी क्षेत्रकार्यास अवघे ५ तास होते; परंतु १०० पैकी २५ गुण त्यासाठीच राखलेले होते. वेळेचा दशांश आणि गुणांचा चतुर्थांश, या प्रमाणातच योजकांचा हेतू व्यक्त होतो. नदी, टेकडी वा कचराभूमी प्रत्यक्ष न पाहता जेथे अहवाल उतरवून काढला जातो, तेथे आदेशाचे पालन होते. शिक्षण मात्र घडत नाही. आदेशाने विषय अनिवार्य करता येतो, जिज्ञासा नव्हे. ती जागविण्याचे दायित्व अध्यापकावरच राहते.