पॉलिश म्हणजे वजाबाकी

गेल्या महिन्यात बाबांना पंचाहत्तर पूर्ण झाली. त्यांना काय द्यायचं यावर घरात बरीच खलबतं झाली. शर्ट आहेत, मोबाईल चालतोय, आणि 'मला काही नकोय रे' हे तर ठरलेलं वाक्य. मग मला सुचलं की त्यांची गाडी डिटेलिंगला देऊ. निवृत्तीनंतर घेतलेली, आता बारा वर्षांची झालेली गडद निळी हॅचबॅक. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत रोज सकाळी साडेसहाला ते स्वतः पुसतात ती. वॉचमनला हात लावू देत नाहीत.

दोन दिवस, साडेनऊ हजार रुपये, बिलावर 'थ्री स्टेज पेंट करेक्शन'. संध्याकाळी गाडी आणायला गेलो तर दुकानातल्या पांढऱ्या दिव्यांखाली नुसता आरसा! बाबांनी बॉनेटमध्ये बघून केस सारखे केले. मी पैसे दिले, आणि आपण किती गुणी मुलगा आहोत या आनंदात घरी आलो.

गाडी तीनदा धुतली गेली असेल. मग एका रविवारी भर दुपारी मला बॉनेटवर ते दिसलं. लांबच लांब, धुरकट, लाटांसारखे पट्टे. आपण हललो की तेही हलतात. त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे. आणि बॉनेटच्या पुढच्या कडेला अंगठ्याएवढा एक निस्तेज डाग, जो आधी नक्की नव्हता. बाबांना सांगावं की नको या विचारात दोन दिवस घालवले. शेवटी सांगितलं, तर म्हणाले, "हो, मी गुरुवारीच पाहिलं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

झालं. माझं डोकं फिरलं. मनातल्या मनात मी मालकाशी तीन वेळा भांडलो आणि तिन्ही वेळा जिंकलो. मागणी ठरलेली होती: सगळं पॉलिश पुन्हा करून द्या, फुकट. पण भांडायला जायच्या आधी जरा अभ्यास करावा म्हणून बसलो आणि (नेहमीप्रमाणे) विषय भलतीकडेच गेला. थेट १९२० च्या अमेरिकेत. तिथून परत आलो तेव्हा माझी मागणीच बदलली होती.

तर मंडळी, सुरुवात घोडागाडीपासून. सुरुवातीच्या मोटारी रंगवायची पद्धत सरळ बग्गीवाल्यांकडून आली होती. तेलाचा रंग, त्यावर व्हार्निश, एकावर एक कितीतरी हात. प्रत्येक हात वाळू द्यायचा, प्यूमिससारख्या दगडाच्या भुकटीने घासून सपाट करायचा, मग पुढचा. एका गाडीला काही आठवडे लागायचे. कारखाना रोज गाड्या बनवतोय आणि त्या रंग वाळायची वाट बघत छपराखाली उभ्या आहेत. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड पाच मिनिटांत लिहून होतो आणि टेस्टिंगवाल्यांकडे महिनाभर पडून राहतो, तसं. फोर्डने यावर आपल्या स्वभावाला साजेसा उपाय केला: १९१४ ते १९२५ मॉडेल टी फक्त काळ्या रंगात. डांबरापासून केलेलं काळं रोगण, भट्टीत भाजायचं. स्वस्त, टणक, आणि निवडीची कटकटच नाही.

जनरल मोटर्सला मात्र रंग हवे होते. तिथला संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग. त्याने रंगवाल्यांना विचारलं की हा वेळ किती कमी होईल. ते म्हणे, थोडे दिवस वाचवू शकू. याला हवा होता एक तास! पुढची गोष्ट दंतकथेच्या अंगाने सांगितली जाते, तेव्हा चवीपुरतं मीठ घालून घ्या. असं होणं शक्यच नाही म्हणणाऱ्या एका रंगवाल्याला केटरिंगने जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर पाहुणा बाहेर आला आणि आपली गाडी शोधू लागला. ती समोरच होती. जेवण चालू असताना तिला दुसरा रंग मारून झाला होता.

तो रंग म्हणजे ड्युको. ड्यूपॉन्ट कंपनीच्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत १९२० मध्ये, फोटोच्या फिल्मवर काम करताना, नायट्रोसेल्युलोजचं एक पातळ रूप हाती लागलं होतं. पातळ, म्हणजे त्यात भरपूर रंगद्रव्य घालूनही ते फवारता येत होतं, आणि वाळत होतं झपाट्याने. १९२४ च्या मॉडेलच्या ओकलंड गाड्या या रंगात बाजारात आल्या. रंगाचं नाव 'ट्रू ब्लू'. निळाच! वाचलं तेव्हा आमच्या बिचारीची आठवण आली.

आपल्याकडे हा शब्द अजून जिवंत आहे बरं का. फर्निचर करताना सुतार "ड्युको मारू का पॉलिश?" असं विचारतो, ती शंभर वर्षांपूर्वीच्या त्या मोटारीच्या रंगाची आठवण आहे. अर्थात आता डब्यात दुसरंच काही असतं. तेच 'एनसी पुट्टी'चं. गॅरेजमध्ये सगळे म्हणतात, पण एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. हा लॅकर बंदुकीतून अंगावर पडला की चमकायचा नाही, मंद दिसायचा. त्याला घासून घासून चमक आणावी लागायची. म्हणजे पॉलिश हा नंतरचा शृंगार नव्हता, तो कारखान्यातल्या कामाचाच भाग होता. शिवाय उन्हात लॅकरचा वरचा थर मरायचा, खडूसारखा पांढरट व्हायचा. मालकाने रविवारी तो मेलेला थर घासून काढायचा, खालचा ताजा रंग वर आणायचा आणि वरून मेण लावायचं. शिकागोतल्या सिमोनाइझ कंपनीचं मेण इतकं चाललं की अमेरिकन इंग्रजीत ते नाव क्रियापदच होऊन बसलं. चाळिशीच्या दशकात त्याच शहरात बेन हर्शने स्वतःचं पॉलिश विकायला सुरुवात केली, ते पुढे टर्टल वॅक्स झालं.

घासून घासून रंग संपला तर? काही बिघडत नव्हतं. लॅकरची गंमत अशी की नवा हात मारला की त्यातलं थिनर जुन्या थराला थोडं विरघळवतं आणि दोन्ही एकजीव होतात. झिजलं की भरा, भरलं की घासा. आपल्याकडच्या अँबॅसिडर आणि पद्मिनीही याच संस्कारात वाढल्या. माझ्या लहानपणी कोपऱ्यावरचा पेंटर रबिंग कंपाउंड मारायचा तेव्हा त्याच्या फडक्याला गाडीचाच रंग लागायचा. मला वाटायचं तो मळ आहे. तो रंग होता.

मग आला क्लिअर कोट. मेटॅलिक रंगांमुळे युरोपात याची सुरुवात आधी झाली, ऐंशीच्या दशकात तो सगळीकडे पसरला. रंगाचा थर वेगळा आणि त्यावर पारदर्शक संरक्षक थर वेगळा. कारखान्यातून निघतानाच चकचकीत, वर्षानुवर्षं खडू धरत नाही. पण हा लॅकरसारखा नुसता वाळत नाही. त्याचे रेणू एकमेकांत गुंतून कायमचे पक्के होतात. त्यामुळे नवा हात त्याच्यात विरघळत नाही, फक्त वर बसतो. आणि हा थर असतो साधारण ४० मायक्रॉन. खालचे सगळे थर धरून आजच्या गाडीवरचा रंग १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे प्रिंटरमधल्या एका कागदाएवढा. क्लिअर कोट म्हणजे त्या कागदाचा निम्मादेखील नाही. त्यातच ऊन अडवणारी द्रव्यं असतात. तो संपला की जुन्या गाड्यांच्या टपावर पोपडे सुटल्यासारखे पांढरे चट्टे दिसतात ना, ते.

म्हणजे काय झालं बघा. घासायची सवय आली त्या जमान्यातून जेव्हा रंग भरता येत होता. सवय तशीच राहिली, रंग मात्र बदलला. लीगसी कोड! आणि याला अनडू नाही.

आता आमच्या बॉनेटवरचं कोडं सुटायला लागलं. लाटांसारखे पट्टे हे गोल फिरणाऱ्या बफिंग मशीनचे; हात अनुभवी नसेल किंवा शेवटचा बारीक हात मारलाच नसेल तर राहतात. दुकानात का दिसले नाहीत? कारण बऱ्याच पॉलिशमध्ये तेलं आणि भरणद्रव्यं असतात, ती ओरखड्यांत बसून त्यांना लपवतात. दोन-तीन वेळा गाडी धुतली की पितळ उघडं. (गाडी ताब्यात घेण्याआधी एका भागावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायला सांगा आणि मोबाईलचा टॉर्च मारा. हे मला आधी माहीत असतं तर हा लेख नसता.)

गोल जाळ्याची गंमत वेगळीच. ओरखडे खरं तर सगळ्या दिशांना असतात, पण त्यातले जे दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती योग्य कोनात येतात तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळं दिसतात. पावसात रस्त्यावरच्या दिव्याभोवती झाडाच्या ओल्या फांद्या गोल रचल्यासारख्या दिसतात, तेच हे. आणि हे जाळं सगळं काही दुकानाचं नव्हतं. साडेसहाचं फडकं, रस्त्यावरची धूळ, बारा वर्षं... मी हिशोब केला आणि गप्प बसलो.

याच इतिहासात तक्रारीचीही एक झकास गोष्ट आहे. १९२० च्या दशकात दोन रंगांच्या गाड्यांची टूम निघाली. एक रंग मारायचा, तो झाकायचा, मग दुसरा मारायचा. झाकायला कागद आणि जाड चिकटपट्ट्या. काढताना ताजा रंगही सोबत निघायचा. थ्री एम कंपनीचा रिचर्ड ड्र्यू नावाचा तरुण सेंट पॉल शहरातल्या गॅरेजमध्ये पॉलिश पेपरचे नमुने घेऊन गेला होता. तिथे त्याने पेंटरला शिव्या घालताना ऐकलं. पॉलिश पेपर विकणाऱ्याचा याच्याशी संबंध काय? पण हा म्हणाला, मी काहीतरी करतो. १९२५ मध्ये त्याने मास्किंग टेप आणली. सुरुवातीच्या नमुन्यात डिंक फक्त दोन्ही कडांना होता, ती गळून पडली, पुन्हा शिव्या. 'स्कॉच टेप' हे नाव त्या पेंटरने कंपनीला चिक्कू म्हणून हिणवलं त्यातून पडलं असं सांगतात. मला त्या पेंटरचं कौतुक जास्त वाटतं. 'तुमचा माल भिकार आहे' एवढ्यावर तो थांबला नाही. डिंक कुठे कमी पडला हे त्याने नेमकं सांगितलं.

कायद्याचं म्हणाल तर बाबांना विचारा. ते १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचे जुने सदस्य. दर महिन्याला संघाचं किराणा सामान आमच्या हॉलमध्ये उतरायचं आणि वाटप व्हायचं. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि 'सेवेतील त्रुटी' हा शब्द त्यांच्या तोंडी बसला. आता २०१९ चा कायदा आहे, जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पण मला भावला तो १८७२ चा करार कायदा. त्याचं १७० वं कलम सांगतं की वस्तूवर ठरल्याप्रमाणे कष्ट किंवा कौशल्य खर्च केलं असेल तर मोबदला मिळेपर्यंत कारागीर ती अडवून ठेवू शकतो. आणि कायद्यातच दिलेलं उदाहरण कशाचं? जवाहिऱ्याकडे पैलू पाडायला आणि पॉलिश करायला दिलेल्या हिऱ्याचं! 'ठरल्याप्रमाणे' या शब्दाखाली बाबांनी पेन्सिलने रेघ मारली.

शनिवारी दोघं दुकानात गेलो. मालक तिशीतला मुलगा, वाईट नव्हता. म्हणाला, "काका, पुन्हा एक राउंड मारून देतो, एक रुपया घेणार नाही." महिनाभरापूर्वी मी लगेच हो म्हटलं असतं. आता म्हटलं, आधी रंग मोजा. त्याने जाडी मोजायचं यंत्र काढलं. टप ११०, दार ११२, बॉनेटच्या मध्यावर ९४, आणि पुढच्या कडेला डागाजवळ ७१. कडेला रंग मुळात पातळ असतो हे मान्य, पण ७१ बघून तोही गप्प झाला. काम करणारा मुलगा आठ दिवसांपूर्वीच लागला होता, हे त्यानेच सांगितलं.

मग त्याने भरपाई म्हणून फुकट सिरॅमिक कोटिंग देऊ केलं. 'नाइन एच', हिऱ्यासारखं कडक! इथे माझा अभ्यास कामी आला. हा एच खनिजांच्या मोजपट्टीवरचा नाही. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिलींनी ओरखडा उठतो का बघतात, त्या चाचणीतला आहे. आपल्या कंपासपेटीतल्या टू-एचचा मोठा भाऊ. आणि पारदर्शक कोटिंगखाली पट्टे तसेच दिसत राहणार.

बाबा एवढंच म्हणाले, "करेक्शन लिहिलंय, ते झालेलं नाही. जे झालं त्याचे पैसे ठेवा, बाकीचे परत द्या." पाच मिनिटं शांतता. मग पाच हजार परत आले. बाबांनी चारही आकडे बिलाच्या मागे लिहून घेतले, तारखेसकट, आणि त्याची सही घेतली.

मी दोन बादल्या आणि मायक्रोफायबरची फडकी आणली आहेत. जुनं बनियन आता फक्त चाकांसाठी, असा तह झाला आहे. आणि बाबांनी सोसायटीत पार्किंगची जागा बदलून घेतली. ही कोपऱ्यातली, आंब्याखालची आहे. तिथे दुपारचं ऊन येत नाही.