हवा पाहून कॅमेरा

रत्नागिरीत कॅमेरा घ्यायला निघालेल्या माणसाला दुकानात बहुधा पहिला प्रश्न त्याच्या हाताविषयी विचारला जातो: नवशिके आहात, हौसेने फोटो काढता, की धंदा करायचाय? उत्तरावरून कोणतं कपाट उघडायचं ते ठरतं. खालच्या फळीवर शिकणाऱ्यांचे, मधल्या फळीवर हौशी मंडळींचे आणि वर व्यावसायिकांचे कॅमेरे. ही उतरंड आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की कॅमेरे असेच लावायचे असतात असं वाटतं. पण कॅमेऱ्याच्या इतिहासात एक काळ असा होता की युरोपातल्या कंपन्या आपल्याकडचा गिऱ्हाईक डोळ्यांपुढे आणताना आधी त्याच्या हवेचा विचार करत. तो विचार मागे पडला, त्याचा सर्वांत मोठा तोटा कोकणासारख्या किनाऱ्याला झाला, आणि डिजिटल कॅमेरा निवडताना तो पुन्हा पहिल्या जागी आणायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंड-जर्मनीतले कॅमेरे बनवणारे आपल्या नेहमीच्या मॉडेलांबरोबर 'ट्रॉपिकल' म्हणून एक वेगळी जात विकत. इंग्लंडमधल्या सँडरसनचा कॅमेरा त्यात नावाजलेला, आणि जर्मनीतल्या एर्नेमाननेही तसे कॅमेरे काढले. हा कॅमेरा जवळून पाहिला की त्यामागचा विचार कळतो. एरवीची पेटी महोगनीची आणि सरसाने जोडलेली असे. दमट हवेत सरस सुटतो, लाकूड फुगतं, आणि पेटीला केसाएवढी फट पडली तरी आत शिरलेला उजेड प्लेट खराब करतो. म्हणून ट्रॉपिकल कॅमेऱ्याला सागवान वापरत, आणि सांधे नुसत्या सरसावर न सोडता पितळी पट्ट्या व स्क्रू घालून आवळत. भात्याला रशियन चामडं लावत. ते भूर्जाच्या तेलात कमावलेलं असल्यामुळे त्याच्या वासाने कीड जवळ येत नसे. त्या काळी फिल्मसुद्धा गरम देशांसाठी हवाबंद डब्यात येई, आणि धुताना जिलेटिनचा थर विरघळू नये म्हणून पाण्यात तुरटी घालत. कॅमेरा कुठे राहणार आहे, हे कारखान्यातच ठरलेलं असायचं.

सागवानाचा विषय निघाला की रत्नागिरीला ब्रह्मदेशचा थिबा राजा आठवणारच. ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलांवरून बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनशी त्याच्या दरबाराचा वाद झाला, कंपनीला दंड झाला, आणि ते निमित्त करून इंग्रजांनी १८८५ साली त्याची राजधानी मंडाले घेतली. १८८६ मध्ये राजाला रत्नागिरीत आणलं, आणि १९१६ साली तो इथेच वारला. ज्या लाकडापायी त्याचं सिंहासन गेलं ते लाकूड दमट हवेत टिकतं, हे साम्राज्याच्या व्यापाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्यांच्या सुतारांनी कॅमेऱ्यासाठीही तेच निवडलं.

मग हा विचार गेला कुठे? त्याची जागा दुसऱ्या एका विचाराने घेतली, आणि तोही वाईट नव्हता. कोडॅकने १८८८ साली फोटो काढणं हे बटण दाबण्याइतकं सोपं केलं, १९०० साली एका डॉलरचा ब्राउनी आणला, आणि कॅमेरा जाणकारांच्या हातून घराघरांत गेला. गिऱ्हाइकाची वर्गवारी हळूहळू त्याच्या कौशल्यावरून होऊ लागली. आपल्याकडे मात्र योगायोगाने सर्वांत साधा कॅमेरा हवेलाही सर्वांत सोसणारा निघाला. आयातीवरच्या निर्बंधांच्या काळात बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला आग्फा क्लिक थ्री असंख्य मराठी घरांत पोचला. त्यात एकशेवीसचा रोल बसे, रोलवर बारा फोटो निघत, आणि उन्हाचं की ढगाचं चिन्ह निवडलं की काम झालं. भिंग साधं असल्यामुळे बुरशी धरायला आत काचांची चळत नव्हती. फोटो सहा सेंटिमीटर चौरसाचा, म्हणजे पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवरच्या चौकटीच्या साडेतीनपटीहून मोठा. त्यामुळे मोठा न करता, निगेटिव्हच्याच आकाराची प्रत अल्बमात चिकटवली तरी चेहरे ओळखू येत. पुढे उटीच्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे 'इंदू' रोलही मिळू लागले. आखाती देशांतून परतणाऱ्यांनी जपानी कॅमेरे आणले, ते क्लिकपेक्षा बहुतेक बाबतींत सरस होते. पण त्यांच्या पाच-सहा काचांच्या मधे एकदा जाळं धरलं की भिंग उघडल्याशिवाय ते पुसता येत नसे. नवशिक्याचा कॅमेरा टिके आणि जाणकाराचा पावसाळ्यात आंधळा होई.

डिजिटल कॅमेऱ्यांनी हे नेमकं उलटं केलं. २००३ साली कॅननचा ३००डी हजार डॉलरांच्या आत आला, पुढच्या वर्षी निकॉनचा डी७०, आणि शिकणाऱ्याच्या हातात अदलाबदलीच्या भिंगांचा कॅमेरा पडला. मात्र पाणी आणि धूळ अडवणारे रबरी सांधे या फळीवर नव्हते. ते वरच्या फळीवरच्या बातमीदारांच्या कॅमेऱ्यांना होते. २००६ साली पेंटॅक्सने के१०डी काढून ते मधल्या फळीवर आणले खरे, पण सर्वसाधारण रीत आजही बदललेली नाही. आता रत्नागिरीचा हिशेब मांडा. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि बारा महिने खारं वारं. इथल्या नवशिक्याला ज्या गोष्टीची पहिल्या दिवसापासून गरज आहे, ती वरच्या फळीवर ठेवली आहे, कारण फळ्या लावणाऱ्याने हात मोजला, हवा मोजली नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. रबरी सांधे थेंब अडवतात, दमट हवा अडवत नाहीत, आणि बुरशी तर कॅमेरा कपाटात पडून असताना धरते. मग महाग कॅमेरा घेऊन काय उपयोग? आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याने माझा मुद्दा पक्काच होतो. प्रश्न महाग की स्वस्त असा नाहीच. कॅमेऱ्याच्या किमतीतच हवाबंद डब्याची किंमत धरली पाहिजे, आणि एक भिंग कमी घेऊन तो डबा घेतला पाहिजे. दुसरा आक्षेप असा की कौशल्य ही खरी गोष्ट आहे, शिकणाऱ्याला वीस बटणं दिली तर तो गोंधळेल. तेही खरं. पण कौशल्य वर्षा-दोन वर्षांत वाढतं, पावसाळा दर वर्षी तेवढाच येतो. जे बदलणार आहे त्यावरून निवड करायची आणि जे बदलणार नाही ते सोडून द्यायचं, हा हिशेब उफराटा आहे. शिवाय काय टिपायचं आहे यानेही फळ्या मोडतात. शिमग्यात रात्री नाचणारी पालखी टिपायची तर कमी उजेडात काम करणारं, मोठ्या छिद्राचं भिंग हवं, आणि तिथे साध्या कॅमेऱ्यावरचं असं एक भिंग महागड्या कॅमेऱ्यावरच्या मंद झूमला मागे टाकतं. मिरकरवाडा बंदरावर पहाटेची मासळी टिपणाऱ्याला पाण्याला न भिणारा फोन पुरतो. आयपी६८ असा शिक्का असलेले फोन आता मध्यम किमतीतही मिळतात, म्हणजे ट्रॉपिकल कॅमेरा एका परीने खिशात परत आला आहे.

कातळशिल्पांचं उदाहरण तर या जिल्ह्याचंच आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सडे, म्हणजे उघडी कातळपठारं, पायाखाली घालून ही शिल्पं शोधली, आणि २०२२ साली उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू यांच्यासह नऊ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. जांभ्यातल्या या रेषा जेमतेम काही सेंटिमीटर खोल. भर दुपारी त्या सपाट दिसतात आणि ऊन तिरपं झालं की सावली धरून उठतात. पावसाळ्यात वर गवत माजतं. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे, तेव्हा जमिनीवर उभं राहून कितीही भारी कॅमेरा रोखला तरी तो सरळ दिसत नाही. वर उडालेल्या ड्रोनचा बोटाएवढा कॅमेरा तो पुरा दाखवतो. इथे शिकाऊ-निष्णात हा भेद निकामी ठरतो. ऋतू, उन्हाची तिरीप आणि उंची यांनीच साधन ठरवलं.

आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, घरोघर मीठ-मिरची, लाकूडफाटा भरून ठेवायची रीत आहे. तेव्हाच कॅमेऱ्याच्या डब्यातले सिलिका जेलचे खडे बघून घ्यावेत. कोरडे असतात तेव्हा ते निळे असतात, ओल शोषून भरले की गुलाबी होतात. स्वयंपाकात नसलेल्या जुन्या तव्यावर, खिडकी उघडी ठेवून, मंद आचेवर तापवले की पुन्हा निळे होतात. कॅमेरा विकणाऱ्याने बिलाबरोबर या खड्यांची एक पिशवी दिली आणि त्यांचे हे दोन रंग गिऱ्हाइकाला दाखवले, तर सँडरसनच्या सुताराने सागवान निवडताना जे केलं होतं तेच रत्नागिरीच्या दुकानात पुन्हा होईल.