लायका (रेंजफाइंडर कॅमेरा)

लायका : जर्मनीत वेट्झलार इथल्या अर्न्स्ट लाइट्झ या कंपनीने बनवलेला ३५ मिमी फिल्मचा छोटा कॅमेरा. १९३२ पासून त्याच्या बहुतेक प्रकारांत लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर, म्हणजे अंतरमापक, असतो. स्क्रूची लेन्स असलेले जुने प्रकार (१९३२–६०) आणि १९५४ पासूनची एम मालिका अशी त्याची दोन घराणी मानली जातात. दोन्ही काळांत हा कॅमेरा जयपूरच्या रस्त्यांवर फिरला. तिथे काढलेल्या फोटोंचा भारतीय छायाचित्रणावर खोल परिणाम झाला, म्हणून ही नोंद जयपूरला धरून केली आहे.

जयपूरला फोटोंचं वेड जुनंच. महाराजा सवाई रामसिंह दुसरे (मृत्यू १८८०) स्वतः ओल्या कोलोडियनच्या काचा तयार करून फोटो काढत. त्यांची काचेची निगेटिव्ह सिटी पॅलेसच्या संग्रहालयात आहेत. पण त्या कॅमेऱ्याला तिवई लागे, समोरच्याला निश्चल बसावं लागे आणि काच ओली असतानाच सगळं उरकावं लागे. चालत्या माणसाचा फोटो चालता चालता काढणं त्या तंत्रात शक्यच नव्हतं.

ते शक्य केलं लाइट्झ कंपनीतल्या ऑस्कर बार्नाक यांनी. सिनेमाची फिल्म आडवी फिरवून २४ × ३६ मिमीची चौकट घेणारा नमुना त्यांनी १९१३-१४च्या सुमारास तयार केला. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत तो ‘लायका’ या नावाने विक्रीला आला. माक्स बेरेक यांनी आखलेली ५० मिमी, एफ ३.५ची लेन्स (पुढे ती एल्मार या नावाने स्थिरावली) घडी घालून आत सरकवता येई आणि कॅमेरा कोटाच्या खिशात मावे. उणीव एकच होती : अंतर अंदाजाने लावावं लागे, किंवा वर खोचलेल्या वेगळ्या अंतरमापकात बघून तो आकडा हाताने लेन्सवर घ्यावा लागे.

१९३२च्या लायका २ने ही उणीव भरून काढली. कॅमेऱ्याच्या माथ्यावर एकमेकांपासून सुमारे ३९ मिमी अंतरावर दोन खिडक्या असतात. दोन्हींतून आलेल्या प्रतिमा एकाच भोकातून दिसतात, म्हणून वस्तू दुहेरी दिसते. लेन्स फिरवली की तिची मागची कड आतल्या दांडीला ढकलते, दांडीमुळे एक प्रतिमा सरकते, आणि दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस लागलेला असतो. डोळ्यांच्या दोन कोनांतून अंतर ओळखण्याचंच हे यंत्ररूप. खिडक्यांमधलं अंतर जितकं जास्त, तितकं माप नेमकं. त्याच वर्षी आलेल्या झाइस इकॉनच्या कॉन्टॅक्समध्ये हे अंतर बरंच जास्त होतं आणि लेन्स स्क्रूऐवजी खटक्याने बसे. कागदावर कॉन्टॅक्स सरस होता. पण साधेपणात आणि हातात बसण्यात लायका उजवा ठरला, असं माझं मत आहे.

पुढचे प्रकार या पायावरच उभे आहेत. लायका ३मध्ये (१९३३) एक सेकंदापर्यंतचे संथ वेग आले आणि अंतरमापकाला दीडपट मोठं दाखवणारं भिंग मिळालं. ३एने (१९३५) १/१००० सेकंदाचा वेग दिला. ३बीमध्ये (१९३८) चौकट बघायचं भोक आणि फोकसचं भोक शेजारी-शेजारी आली. वापरणाऱ्याच्या दृष्टीने हा फार महत्त्वाचा बदल होता, कारण तोवर फोकस करून दुसऱ्या भोकाकडे डोळा नेईपर्यंत समोरचा प्रसंग निसटून जाई. ३सी (१९४०) साच्यात ओतलेल्या धातूचा आणि जरासा लांब. ३एफमध्ये (१९५०) फ्लॅशची जुळणी आली. तिच्या आकड्यांच्या रंगावरून ‘ब्लॅक डायल’ आणि ‘रेड डायल’ हे पोटभेद पडले. ३जी (१९५७) हा या घराण्याचा शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यांत देखणा प्रकार. त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये चौकटीच्या उजळ रेषा दिसतात. याशिवाय दहा मीटर फिल्म भरून २५० फोटो काढणारा ‘रिपोर्टर’, युद्धकाळातले राखाडी ३सी असे दुर्मीळ भेदही आहेत. संग्राहक त्यांच्यासाठी मोठी किंमत मोजतात, पण फोटोच्या दृष्टीने त्यांचं वेगळेपण फारसं मोठं नाही.

जुने कॅमेरे कारखान्यात पाठवून नव्या प्रकारात बदलून घेण्याची सोय लाइट्झने ठेवली होती. त्यामुळे क्रमांक एका सालचा आणि अंगातली यंत्रणा नंतरची, असे नगही आढळतात.

१९४७-४८मध्ये फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ भारतात आले तेव्हा त्यांच्या हातात स्क्रूच्या घराण्यातलाच लायका होता, कारण एम मालिका अजून जन्मायची होती. चकाकणारा धातू लोकांच्या नजरेत भरू नये म्हणून ते कॅमेऱ्यावर काळी पट्टी चिकटवत आणि बहुतेक काम ५० मिमीच्या लेन्सवर करत. परळच्या गिरणगावातल्या ज्योतिषाच्या दुकानाचा त्यांचा फोटो १९४७चा, गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटो १९४८चे. याच भेटीत त्यांनी जयपूर टिपलं आणि ‘ब्यूटिफुल जयपूर’ हे पुस्तक १९४८ साली निघालं.

जयपूरच्या कडक उन्हात या कॅमेऱ्याची खरी ताकद कळते. ५० मिमीची लेन्स एफ ८वर ठेवून फोकस पाच मीटरला लावला, तर साधारण साडेतीन मीटरपासून साडेनऊ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. जोहरी बाजारच्या गर्दीत प्रत्येक वेळी दोन प्रतिमा जुळवत बसायची मग गरजच उरत नाही. याच उन्हाचा एक धोकाही आहे. रिफ्लेक्स कॅमेऱ्यात लेन्स आणि शटर यांच्यामध्ये आरसा असतो, इथे तो नाही. शटर रबर चढवलेल्या कापडाचं असतं. उघडी लेन्स सूर्याकडे राहिली तर भिंगातून एकवटलेलं ऊन कापडाला बारीक भोक पाडतं आणि मग प्रत्येक फोटोवर पांढरा ठिपका उमटतो.

एम-३ (१९५४) हे दुसऱ्या घराण्याचं पहिलं आणि सर्वांत भरभराटलेलं अपत्य. ते २ लाखांहून जास्त विकलं गेलं. चौकट आणि फोकस एकाच मोठ्या खिडकीत आले, लेन्स खटक्याने बसू लागली, गुंडीऐवजी तरफेने फिल्म पुढे सरकू लागली. लेन्स बदलली की ५०, ९० किंवा १३५ मिमीची चौकट आपोआप दिसते. जुन्या स्क्रूच्या लेन्सही एक मिलिमीटर जाडीची कडी लावून एमवर चालतात, आणि त्यांचा फोकसही जुळतो. जुन्या गिऱ्हाइकाला वाऱ्यावर न सोडण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते. एम-२मध्ये ३५ मिमीची चौकट आली. एम-४ (१९६७) आणि पुढचे प्रकार याच आराखड्यावर बेतलेले आहेत.

जयपूरमध्येच १९४२ साली जन्मलेले छायाचित्रकार रघुबीर सिंग यांनी शाळकरी वयात घरी ‘ब्यूटिफुल जयपूर’ पाहिलं. १९६६ साली कार्तिए-ब्रेसाँ पुन्हा जयपूरला आले तेव्हा सिंग यांनी काही दिवस त्यांना काम करताना जवळून पाहिलं. हातात मावणारा ३५ मिमी कॅमेरा, रस्त्यावरची माणसं, एकाच चौकटीत गुंफलेल्या अनेक हालचाली हे सिंग यांनी त्यांच्याकडून घेतलं. काळं-पांढरं मात्र नाकारलं. भारत रंगातच पाहायला हवा, अशी त्यांची ठाम भूमिका होती. राजस्थान, गंगा, कलकत्ता यांवरची त्यांची पुस्तकं आणि १९९४चं मुंबईवरचं पुस्तक त्या भूमिकेची साक्ष देतात. १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं.

लायकाच्या नकला अनेक देशांत झाल्या. सोव्हिएत संघात खारकीवचा फेड १९३४पासून आणि झोर्की १९४८पासून बनू लागला. जपानमध्ये निक्का आणि लिओटॅक्स, इंग्लंडमध्ये रीड झाले. कॅनन कंपनीची सुरुवातही लायकासारखा कॅमेरा करण्याच्या प्रयत्नातूनच झाली. फेड आणि झोर्की स्वतःच्या नावाने प्रामाणिक, कामाचे कॅमेरे आहेत. त्यांचं मूळ नाव खरवडून वर ‘लायका’ कोरलेले, सोनेरी मुलामा दिलेले नग मात्र सरळसरळ फसवणूक आहेत. विकत घेण्याआधी लेन्स काढून आत बघावं. अंतरमापकाच्या दांडीच्या टोकाला अस्सल लायकात गोल चाक असतं, फेड-झोर्कीत बहुधा निमुळतं टोक असतं. मग लेन्सवर टॉर्च मारून बुरशी पाहावी. जयपूरच्या कोरड्या हवेत राहिलेल्या लेन्सला ती कमी धरते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात कातडी केसमध्ये बंद राहिलेल्या लेन्सवर ती जाळ्यासारखी पसरते आणि भिंगाचा लेपही खाते. म्हणून इथे कॅमेरा केसबाहेर, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात आणि शटरचं कापड आखडू नये म्हणून अधूनमधून फिल्म न भरता सगळ्या वेगांवर चालवून बघतात.