संजीवनी बेट: चाकूरचा औषधी वनविहार

चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथजवळची सुमारे ६५० फूट उंचीची टेकडी ‘संजीवनी बेट’ म्हणून ओळखली जाते, कारण हनुमानाने नेलेल्या द्रोणागिरीचा तुकडा येथे पडला, अशी लोकश्रद्धा आहे. उत्तरा नक्षत्रात, म्हणजे साधारण १३ ते २६ सप्टेंबरच्या काळात, सूर्य त्या नक्षत्रात असताना झाडपाल्याला विशेष गुण येतो, या समजुतीने लोक बेटावर हिंडतात, पाला चावून खातात आणि सोबतची भाकरी सावलीत सोडतात. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्क्याहूनही कमी असल्याने येथील वनस्पती मुळासकट उपटणे थांबलेच पाहिजे.